काळं झबलं आणि डांबरगोळ्या

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात : वय ३१, एकत्र कुटुंब, आठ महिन्यांची मुलगी. दिवाळीत भेट आलेला जाळीचा फ्रॉक बाळाला घातला आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी क्रीम दिलं, ते गेलंही. पण तेव्हापासून ही आई रात्र-रात्र मोबाइलवर कपड्यांतल्या रसायनांबद्दल वाचत बसते. बारशाला आलेले सगळे कपडे तिने कामाच्या मावशींना देऊन टाकले. प्लास्टिकची खेळणी माळ्यावर गेली. ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेली झबली चौदाशे रुपयांना एक या भावाने आली. नणंदेने न्यू जर्सीहून पाठवलेल्या नाइटसूटवर ‘हा कपडा अग्निरोधक नाही’ असं इंग्रजीत लिहिलेला पिवळा कागद होता, म्हणून तेही कपाटात बंद. आता संक्रांत आली. सासूबाईंनी बोरन्हाणासाठी हौसेने काळं झबलं शिवलंय. ‘काळ्या रंगात सगळ्यात जास्त केमिकल असतं’ म्हणून हिने नकार दिला. सासूबाईंनी अबोला धरलाय, आणि नवरा म्हणतो, तू अती करतेस. तिचा प्रश्न : ‘ताई, मी खरंच अती करतेय का? आणि करत नसेन, तर घरच्यांना पटवू कसं?’

---

प्रिय मैत्रिणी,

ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तूगं करते. संक्रांत दारात आहे, तेव्हा आधी झबल्याचं बोलू. घालू दे ते झबलं.

काळ्या रंगाबद्दलची तुझी भीती हवेतून आलेली नाही. कापड रंगवायला अ‍ॅझो नावाच्या गटातले रंग सर्रास वापरतात. त्यातले काही थोडे रंग घामाने, लाळेने, जंतूंच्या संपर्काने मोडतात आणि त्यातून बेन्झिडिनसारखी, अमाइन्स म्हणतात ती रसायनं सुटतात. ही अमाइन्स कर्करोगाला कारण ठरतात, हे पक्कं ठाऊक आहे. लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधलं होतं. पुढे युरोपीय संघाने अशा २२ अमाइन्ससाठी किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडेही १९९७ पर्यंत केंद्र सरकारने असे ११२ रंग हाताळण्यावर बंदी आणली. तू रात्री दोन वाजता वाचलंस त्यातलं पुष्कळ या खऱ्या गोष्टींवरच उभं आहे.

गोंधळ पुढे होतो. अ‍ॅझो गट मोठा आहे आणि त्यातले बहुतेक रंग असं काही सोडत नाहीत. काळा म्हणजे त्यातला सगळ्यात वाईट, असंही काही नाही. सुती कापडाला काळं करायला गंधकाचा काळा वापरतात, तो मुळात या गटातला नाहीच. गडद कापडाबद्दल खरं एवढंच, की त्यात रंग जास्त चढवलेला असतो आणि शेवटची धुलाई नीट झाली नसेल तर जादाचा रंग सुटत राहतो. तो सुटतो का, हे घरी कळतं. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला कर आणि झबल्याच्या आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा जोरात घास. फडकं काळं झालं तर साबणाच्या कोमट पाण्यात धू, पुन्हा घास. दोन-तीन धुलाईत रंग थांबला तर ठीक. नाहीच थांबला तर ते कापड बाळासाठी नको, आणि तेव्हा सासूबाईंना फडकं दाखव. त्यांनी आयुष्यभर साड्यांचा रंग जाताना पाहिलाय, रसायनशास्त्र सांगावं लागणार नाही. आणि झबल्याखाली एक जुनं, मऊ पांढरं बनियन घाल. ओटी भरेपर्यंत, फोटो निघेपर्यंत तासभर अंगावर राहणाऱ्या कपड्यासाठी एवढी काळजी पुरे.

बोरन्हाणात मला भीती वाटते ती वेगळीच. आठ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, भुईमुगाच्या शेंगा, हरभरे, रेवड्या, उसाचे करवे असा ऐवज ओततात. हातात येईल ते तोंडात, असं हे वय. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून मूल निळं पडणं ही आपल्याकडच्या बालरोग विभागांच्या फार ओळखीची गोष्ट आहे, तो काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. हलव्याचे दागिनेही तसेच. साखरेचे दाणे, दोरा, बारीक तार, कधी स्टेपलरच्या पिना. बाळाने बाजूबंद तोंडात घातला की लाळेने हलवा सुटतो आणि तार मोकळी होते. पत्रात तू झबल्याच्या रंगाबद्दल दीड पान लिहिलंस आणि या ओतण्याबद्दल एक ओळही नाही. यात तुझा दोष नाही, समाजमाध्यमांवर ज्याचे व्हिडिओ जास्त, त्याचीच भीती जास्त बसते. तर असं कर : डोक्यावरून फक्त फुलांच्या पाकळ्या सोडा, बोरं-शेंगा बाजूच्या ताटात ठेवून मोठ्या पोरांना लुटू द्या. बाळ कुणाच्या तरी मांडीवरच असू दे. फोटो झाला की दागिने उतरवा, आणि बाळाला खाली सोडायच्या आधी घर झाडून घ्या.

आता तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे येते. पत्रात तीन समजुती दिसल्या. दुकानातलं आणि नवं ते विषारी, घरचं आणि नैसर्गिक ते निर्धोक, महाग ते त्याहून निर्धोक. चौथी तू लिहिली नाहीस पण ओळीओळीत आहे, की हे सगळं एकट्या तुलाच सांभाळायचंय.

एक प्रश्न विचारते, टोचायला नाही. ते कपडे तुला खरोखर विषारी वाटत होते, तर मावशींच्या घरातल्या बाळाला ते कसे चालले? मला वाटतं, तुझ्याच मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक होतं की ते तितके वाईट नाहीत. तो कोपरा शहाणा आहे, त्याचं ऐक.

एखादी वस्तू घातक आहे का, हे ठरवताना तिच्यात काय आहे एवढंच बघून चालत नाही. ते बाळाच्या अंगात जातं कसं आणि जातं किती, हे बघावं लागतं. वाटा तीन : श्वास, तोंड आणि त्वचा. बाळ आपल्यापेक्षा वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतं आणि दिवसभर काही ना काही चाटत असतं, म्हणून पहिल्या दोन वाटा रुंद आहेत. त्वचेची वाट त्यामानाने अरुंद, अपवाद अंगावर तेल असताना आणि त्वचा फाटलेली, सोललेली असताना. आता तुझी यादी पुन्हा वाच. तू सगळा पैसा आणि सगळी भांडणं त्या अरुंद वाटेवर खर्च केलीस.

कपड्यांचं आधी उरकून टाकू. अ‍ॅझो रंगांचं वर आलंच. दुसरं फॉर्मल्डिहाइड. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून जी राळ चढवतात तिच्यातून ते सुटतं. ते त्वचेला चुरचुरतं, आणि कारखान्यात ते वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यांच्या बाबतीत कर्करोगाशीही त्याचं नातं सिद्ध झालंय. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१० मध्ये १८० कपडे आणि कापडी वस्तू तपासून घेतल्या, त्यातल्या १० मध्ये ते दहा लाख भागांत ७५ भाग या पातळीच्या वर निघालं. त्यात सुरकुतीरोधक म्हणून विकलेला माल बराच होता. म्हणजे धोका होता, पण सरसकट नव्हता. आणि पाण्यात विरघळणारं हे रसायन धुण्याने पुष्कळ कमी होतं. तेव्हा ‘नो आयर्न’ लिहिलेलं बाळासाठी घेऊ नये, आणि नवा कपडा दोनदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नये. इतकंच.

तिसरी गोष्ट, शर्टावरची जाड, रबरासारखी चित्रं. ती बऱ्याचदा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात आणि पीव्हीसी मऊ करायला थॅलेट घालतात. संप्रेरकांच्या कामात हे थॅलेट ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपने त्यातल्या काहींना खेळण्यांतून हद्दपार केलं. छातीवरचं कार्टून बाळ चावतं, त्यामुळे इथे तोंडाची वाट उघडते. असे कपडे वर्षा-दीड वर्षाची होईपर्यंत टाळ. विणलेलं, भरतकाम केलेलं, छापील सुती चालेल.

आणि दिवाळीचा तो फ्रॉक. जाळी, आतला कडक कॅनकॅन, कमरेचं घट्ट इलॅस्टिक, गर्दीत आलेला घाम. पुरळ यायला एवढं पुरतं. पॉलिएस्टरच्या काही गडद रंगांनी ॲलर्जी होते हेही खरं, पण तशी असती तर कपड्याचा स्पर्श होतो तिथे पुन्हा-पुन्हा उठली असती. त्याऐवजी घरातली धुण्याची रीत तपासून बघ. कपड्यात राहिलेला डिटर्जंट आणि शेवटच्या पाण्यात घातलेलं जंतुनाशक, या दोन गोष्टींनी बाळांच्या त्वचेला जितका त्रास होतो तितका कापडाच्या रंगाने क्वचित होत असेल. पावडर निम्मी कर, एक खळबळ वाढव, जंतुनाशक बंद, कडक ऊन चालू.

एवढं पाळलंस तर कपड्यांचा विषय संपला. चौदाशेच्या झबल्याची गरज नाही. ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द कापूस कसा पिकवला ते सांगतो. सूत झाल्यावर त्याला कोणता रंग दिला, कसली राळ चढवली, ते नुसत्या त्या शब्दातून कळत नाही. सेंद्रिय कापडाच्या जीओटीएससारख्या प्रमाणपत्रात पुढची प्रक्रियाही तपासतात, पण २०२० मध्ये त्याच संस्थेने भारतातल्या कापसाच्या बनावट कागदपत्रांचं मोठं प्रकरण उघडकीला आणलं होतं. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे १९९२ पासूनचं लेबल तयार कापडातल्या घातक द्रव्यांची तपासणी करतं, आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात सगळ्यात कडक असा वेगळा वर्ग आहे. लेबलवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून खरा-खोटा पाहता येतो. नवं आणि महाग घ्यायचंच असेल तर एवढं पडताळून घे. नाहीतर घरातल्या जुन्या सुती साडीची दुपटी आणि मोठ्या भावंडांची वापरलेली झबली उत्तम, शंभर वेळा धुतलेल्या कापडात सुटण्यासारखं फारसं काही उरत नाही.

थोडं विषयांतर करते. सेंद्रिय कापसाला माझा विरोध नाही, उलट. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष धुतल्या-रंगवलेल्या झबल्यातून तुझ्या बाळापर्यंत येत नाही, फवारणाऱ्याच्या पाठीवर मात्र गळतं. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगाईने नोय्यल नदीची काय दशा केली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिथले कारखाने बंद करायला का सांगावं लागलं, हेही वाच. इचलकरंजीकरांना पंचगंगेचं पाणी ठाऊक आहेच. कापडातल्या रसायनांचा खरा भार तिथे पडतो. सेंद्रिय घ्यायचं तर त्यांच्यासाठी घे. बाळ वाचवायला घेतेय या भीतीपोटी घेऊ नकोस, कारण मग पैसे कमी पडले की स्वतःला वाईट आई म्हणायला लागशील.

जुन्या झबल्यांबद्दल एक मोठी अट आहे, आणि इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाच. ती झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली होती का?

डांबरगोळी बहुधा नॅप्थलिनची असते. घन पदार्थ उडून हवेत जातो तेच तिचं काम, आणि तोच वास कापडात मुरतो. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, घरच्यांना बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाला गोळ्यांच्या वासाचे कपडे-पांघरुणं घातली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कावीळ वाढते, बाळ पांढरंफटक पडतं, लघवी चहासारखी गडद होते. अशा नवजात बाळांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत कित्येक दशकांपासून येतायत. वर नॅप्थलिन तेलात विरघळतं, म्हणजे मालिश केलेल्या अंगावर असा कपडा घातला तर ते आणखी सहज आत जातं. युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅप्थलिनच्या गोळ्या बाजारातून काढल्या, आपल्याकडे किराणा दुकानात त्या अजून सुट्या मिळतात. शिवाय त्या पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. बाळ आता रांगेल. तेव्हा कपाट, ट्रंक, न्हाणीघराची जाळी, बेसिन, जिथे असतील तिथून आजच काढ. वास धरलेले कपडे काही दिवस कडक उन्हात ठेव, धू, नाकाला लावून बघ, वास असेतो घालू नकोस. साठवणीला वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

कापूरही त्याच खणात असेल. पूजेतला आणि झाडापासूनचा म्हणून तो सौम्य वाटतो, पण लहान मुलाने वडी चघळली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. सर्दी झाली की कापूर घातलेलं तेल बाळाच्या छातीला चोळायची पद्धत आहे, ती दोन वर्षांखाली नकोच.

मग श्वास. तू लिहिलंस, ‘बाकी घरी सगळं पारंपरिकच असतं, आंघोळीनंतर सासूबाई धुरीही देतात.’ ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला त्या धुरात धरणं. त्यामागची माया मला कळते, थंडी-ओलीच्या दिवसांत बाळाचं अंग-केस सुकावेत, बाळाला ऊब मिळावी, हा हेतूही समजतो. पण धूर ओव्याचा असला तरी धूरच. त्यात सूक्ष्म कण असतात, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि बाळाची फुप्फुसं अजून वाढतायत. हीच गोष्ट डासांच्या कॉइलची. एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. बंद खिडक्या, रात्रभर कॉइल आणि खाली चौदाशेचं ऑर्गॅनिक झबलं, हा हिशोब मला पटत नाही. मच्छरदाणी लाव. ती पाळण्यालाही मिळते.

आणि तोंड. इथे मला सगळ्यात जास्त धास्ती शिशाची वाटते. शिशाची निर्धोक पातळी कुणाला सापडलेली नाही. थोडंसं शिसंही वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात, रक्तात शिसं जास्त असलेल्या मुलांची संख्या एकट्या भारतात २७ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज होता. ते येतं कुठून? सुरम्यातून, जो बऱ्याचदा शिशाच्याच खनिजाचा असतो. बाजारातल्या भरवशाच्या नसलेल्या काजळातून. शेंदरातून, कारण मूळचा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. मारुतीच्या पायाला हात लावून आलेल्या आजोबांनी बाळाला घेण्याआधी हात धुवावेत, यात देवाचा काही अपमान नाही. चकचकीत पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळलेल्या हळदीतून. बांगलादेशात ही भेसळ मोठ्या प्रमाणावर सापडली होती आणि २०१९ नंतर धाडी-दंड करून त्यांनी ती जवळपास संपवलीही. हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडची, फार पॉलिश न केलेली घे, नाहीतर परवाना क्रमांक असलेलं बंद पाकीट. स्वस्त नकली दागिन्यांतूनही शिसं येतं, तेव्हा मनगटात काळ्या मण्यांची मनगटी घालायची तर मणी काचेचे हवेत आणि दोरा भक्कम.

जुना रंगही विसरू नकोस. घरच्या रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या, ग्रिल, आजीच्या काळातला पाळणा यांचे पोपडे निघत असतील तर ती धूळ जमिनीवर येते आणि तिथून बाळाच्या बोटांवर. कोरडं घासू नका, ओल्या फडक्याने पुसा. खरवडकाम काढायचं असेल तर बाळाला घेऊन माहेरी जा. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडण्या-वितळवण्याचा धंदा असेल किंवा असा पाळणा बाळाने चावलेला असेल, तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल विचार. उगाच, सगळ्यांची तपासणी करत सुटायची गरज नाही.

माळ्यावरची खेळणी खाली काढ आणि एकेक उलटून बघ. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्ह असेल ते ठेव. जत्रेतलं, रंग निघणारं, चिकट, उग्र वासाचं प्लास्टिक टाकून दे, कुणाला देऊ नकोस. दुधाची बाटली वापरत असशील तर भारतीय मानकाने पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक बाटल्यांतून २०१५ मध्येच बाहेर काढलंय, पण गरम पेज प्लास्टिकच्या वाटीत ओतायची नाही. स्टीलची वाटी-चमचा आहे की.

नणंदेचे नाइटसूट मात्र आनंदाने घाल. तो पिवळा कागद तू उलटा वाचलास. अमेरिकेत लहान मुलांचे रात्रीचे कपडे एकतर पेट न घेणारे हवेत, किंवा अंगाला इतके घट्ट बसणारे की आग सहज धरणार नाहीत. पूर्वी पेट घेऊ नये म्हणून त्यावर ट्रिस नावाचं रसायन मारत. अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी त्याच्या कर्करोगाच्या धोक्याबद्दल लिहिलं आणि १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. आज ‘अग्निरोधक नाही, घट्ट बसला पाहिजे’ असा कागद असलेल्या कपड्याला आगीपासून वाचण्यासाठी रसायनाची गरजच ठेवलेली नसते. तुला हवा तो कपडा तोच होता. एकदा धू, मापाचा असताना घाल, ढगळ नको.

घरच्यांना पटवण्याबद्दल. ‘केमिकल’ या शब्दावर वाद घालू नकोस, त्यात तू हरशील, कारण पाणीही केमिकलच, हे नवऱ्याचं उत्तर तयार असेल. शिवाय तू अती करतेस का, या प्रश्नाला माझं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे. कपड्यांबाबत अती झालं, धूर-शिसं-डांबरगोळ्यांबाबत घरात कुणीच पुरेसं करत नव्हतं. हे तसंच कबूल कर. सासूबाईंकडे जाताना मागण्यांची यादी घेऊन जाऊ नकोस, आधी झबलं धुवायला माग. बोरन्हाण त्यांच्या मनासारखं होऊ दे, बारशाला आलेल्यांपैकी एखादा कपडा मावशींकडे नसून कपाटाच्या मागे राहिला असेल तर तोही बाळाला घालून दाखव. मग धुरीचं बोल. आणि तू बोलण्यापेक्षा पुढच्या लसीच्या वेळी सासूबाईंनाच सोबत ने आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. सुनेने वाचलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो. आवडो न आवडो, त्याचा उपयोग करून घे. धुरीऐवजी कोवळ्या उन्हात बसून मालिश करायचं काम त्यांच्याकडे दे, ते त्या तुझ्यापेक्षा चांगलं करतील.

नवऱ्याला मत विचारू नकोस, काम दे. या रविवारी संडास धुवायचं ॲसिड, फिनाईल, ड्रेन साफ करायची पूड, रॉकेल असेल तर रॉकेल, सगळं वरच्या बंद कप्प्यात. कुठलंही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरलेलं नको, हा नियम कायमचा. रांगत्या-चालत्या मुलांना बऱ्याचदा अशा बाटल्यांमुळे विषबाधा होते. रिमोट आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची झाकणं स्क्रूने घट्ट, कारण गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट मोठं रुग्णालय.

तुझ्या रात्रींबद्दलही विचारायचंय. बाळ झोपल्यावर दोन-दोन वाजेपर्यंत वाचणं, छाती धडधडणं, एक गोष्ट टाकली की दुसरी दिसणं, हे तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंस. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काळजी असा ताबा घेऊ शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत. वरच्या गोष्टी उरकूनही झोप येत नसेल, तर पुढची भेट बाळाच्या डॉक्टरांची नको, तुझ्या डॉक्टरांची असू दे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला वेड लागावं लागत नाही. रसायनांचं वाचन दिवसा, नवऱ्यासोबत बसून, आणि मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत.

राहिली ती जोडायच्या तुकड्यांची फोमची मॅट, जिच्याबद्दल तू ताजा कलम लिहिला होतास. अशा मॅटमधून फॉर्मामाइड नावाचं द्रव्य सुटतं म्हणून बेल्जियमने २०१० च्या डिसेंबरात त्यांची विक्री थांबवली होती, फ्रान्सनेही पाऊल उचललं. हे द्रव्य नव्या मॅटमधून जास्त उडतं. तुझी नवी आहे, तर तुकडे सुटे करून गच्चीत पसरून ठेव, वास पूर्ण जाईपर्यंत आत आणू नकोस. तोवर सतरंजीवर जुनी गोधडी दुहेरी घाल, रांगायला तीच बरी, घसरत नाही आणि धुता येते.